रिकाम्या जागेचे पैसे

मिरजेला, भंडारे डॉक्टरांच्या बाकावर
नंबर येईपर्यंत हाताशी लागलं एक पत्रक.
झोपेच्या गोळ्यांचं. बाझल नावाच्या गावाहून आलेलं.
मला नुसता खोकला होता.
झोप त्या रात्रीपासून गेली.

मी जुळारी. सांगलीत, खणभागात, मगदूमांच्या छापखान्यात
एकोणीस वर्षं खिळे जुळवत होतो.
आमच्याकडे कागद म्हणजे लग्नाचा मांडव:
चारी कडांना वेलबुट्टी, माथ्यावर गणपती, कोपऱ्यात कलश,
आणि एवढं करून फट उरलीच
तर भूपालअण्णा ओरडायचे, "फूल टाक रे तिथं!"

आणि ह्या पत्रकात
डावी कड धरून उभा राहिलेला मजकूर,
उजवीकडे ओळी जिथं संपल्या तिथं संपलेल्या,
कुणी ओढूनताणून सारख्या न केलेल्या.
अक्षरांनी पायांतले तोडे काढून ठेवलेले.
एक फोटो. उशी. मधोमध डोक्याचा खळगा.
बाकी कोरं.
इतकं कोरं, की मी उलटून पाहिलं
छपाई अर्धी राहिली की काय.

डॉक्टर तिकडे वर्षभर राहून आलेले.
छातीला नळी लावून म्हणाले,
"लढाईत तिकडच्या भिंती फार ओरडल्या, सिद्राम. श्वास घे.
मुठी, झेंडे, वासलेले जबडे.
मग काही पोरांनी ठरवलं, कागदानं आवाज चढवायचा नाही.
सांगायचं तेवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं.
त्यात त्यांच्या देशात भाषा तीन-चार.
एकीला पाट दिला की दुसरी रुसणार.
म्हणून आधी चौकटी आखल्या, शब्दांना मागनं बोलावलं.
सोड श्वास."

बाहेर आलो. समोरच्या दुकानाच्या पाटीवर
मराठी, कानडी, उर्दू
एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या.

रात्री दगडावर दोरा ताणून रकाने पाडले.
पहिल्याच ओळीला अडलो.
त्यांची अक्षरं ओळीवर पाय रोवतात,
आपली ओळीला धरून लोंबतात,
दोरीवरच्या धोतरासारखी.
म्हणजे आपलं माप वरनं घ्यायचं.
वेलांटी वरनं कुंपण ओलांडणार, उकार खालनं,
त्यांची वाट मोकळी ठेवायची.
हे बाझलच्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पारिसा चौगुल्यांचं लेबल आलं होतं. मी लावलं:

हळद
राजापुरी
पाच किलो

एका उभ्या रेषेत, डावीकडे. शाई काळी.
पिवळी तर हळद आहेच.

शेठनी कागद उजेडात धरला.
"लक्ष्मी कुठाय?"
मी गप्प.
"कागद मी अख्खा विकत घेतलाय. अर्धा उघडा का?
ह्या रिकाम्या जागेचे पैसे कोण देणार?"
अण्णांनी माझ्याकडे न बघता वेलबुट्टीचा खण ओढला.

लेबल मोडलं. खिळे आपापल्या घरात परतले.
पगारातून प्रुफाचे अकरा कागद कापून घेतले.
तेव्हा शेठ, दिले बरं का मी,
रिकाम्या जागेचे पैसे.

आता ट्रेडल भंगारात गेलं,
खिळ्यांचं शिसं कुणी वितळवलं माहीत नाही.
कृष्णा चढली की मात्र अजून जातो आयर्विनवर.
खांबावर कुण्या रंगाऱ्यानं ओढलेली पट्टी:
सारख्या अंतरावर आडव्या रेषा, शेजारी आकडे.
वेल नाही. फूल नाही. कलश नाही.
चौगुल्यांचा नातू छत्री सावरत वाचतो,
कानडीत बोलणारे गवंडी वाचतात,
मगदूमांची सून कठड्यावरनं वाकून वाचते,
आणि बघता बघता सगळ्यांची मान
पाण्याच्या वर, उरलेल्या रेषांकडे वळते.

कुणी विचारत नाही तिथं काही का नाही.
जो तो पुटपुटतो,
तेवढी जागा
कोरी राहू दे.